ऑनलाइन फँटसी रोलप्ले गेमसाठी खरं वाटणारं पात्र कसं तयार करावं?

पाच पानांची बॅकस्टोरी, म्हणजे पात्राचा भूतकाळ, लिहूनही सर्व्हरवर तुमच्या पात्राशी कोणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही आणि पात्र ‘कागदी’ वाटतं असं ऐकायला मिळालं, म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलाय. ती पाच पानं वाया गेलेली नाहीत, पण ती तुमच्या फाइलमध्ये आहेत. समोरच्या खेळाडूला दिसतं ते फक्त नाव, पोशाख आणि चॅटमधल्या तीन ओळी. तेवढ्यातून त्याला दोन गोष्टी जाणवल्या पाहिजेत: या पात्राला काहीतरी हवंय, आणि ते त्याला एकट्याच्या बळावर मिळणार नाही. माझ्या मते पात्र खरं वाटण्याचं मूळ इथेच आहे. बाकीचे तपशील या दोन गोष्टींना आधार देत असतील तरच ठेवा.

आधी जग नीट वाचा. गेमचा अधिकृत इतिहास आणि सर्व्हरचे रोलप्लेचे नियम वाचायला तासभर लागतो, पण निम्म्या चुका तिथेच टळतात. जादू कोणाला येते, कुठल्या जमातींचं वैर आहे, कथेत सध्या कोणतं साल चालू आहे, आणि कोणती जमात किती जगते हे माहीत हवं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्ले गेमच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ (टोकदार कानांची, माणसासारखी जमात) शरीरानं माणसांइतक्याच वेगानं वाढतात, पण प्रौढ मानले जातात ते शंभरीच्या आसपास, आणि जगतात ७५० वर्षांपर्यंत. तिथे पंचवीस वर्षांची एल्फ सेनापती आली की जाणकार खेळाडू लगेच बाजूला होतो. लेव्हलचंही तसंच. पहिल्या लेव्हलच्या पात्रानं ड्रॅगन मारलेला असू शकत नाही, कारण पहिल्याच गुहेतला लांडगा त्याला लोळवणार आहे. भूतकाळ मोठा आणि अंगात बळ नाही, असं पात्र पहिल्याच लढाईत उघडं पडतं.

मग क्लास, म्हणजे योद्धा, जादूगार अशी गेममधली भूमिका, निवडायच्या आधी पात्राचा धंदा ठरवा. हातात तलवार यायच्या आधी हा माणूस पोट कशावर भरत होता? नावाडी, कुलपं बनवणारा, मेंढपाळ, सैन्यातला भटारी, काहीही चालेल. धंद्यातून हातांच्या सवयी येतात, बोलण्यातले दाखले येतात आणि कुठल्याही खोलीत शिरल्यावर नजर आधी कशावर जाते ते कळतं. कुलपं बनवणारा दाराकडे बघेल, मेंढपाळ आभाळाकडे.

पुढचं सगळं समजायला एक उदाहरण घेऊ. तेरीन, वय ३१, माणूस, क्लास स्काउट, म्हणजे पुढे जाऊन वाट पाहणारी. आधीचं काम सीमेवरच्या एका मोजणी कचेरीत नकाशांच्या नकला करणं. एका नकलेत तिनं नदीचा उतार, म्हणजे पायी पार करायची जागा, बोटभर खाली दाखवला आणि त्या नकाशावर विसंबून निघालेला अकरा जणांचा तांडा दलदलीत गेला. चूक कोणाची हे फक्त तिच्या गुरूला माहीत आहे. तिला तो भाग स्वतः पायी फिरून नकाशा पुन्हा काढायचाय.

तिची इच्छा कशी आहे पाहा. ठरलेली जागा आहे, पूर्ण झाली की पूर्ण झाली म्हणता येईल अशी आहे, आणि वाटेत माणसं लागतात: वाटाड्या, रक्षक, स्थानिक माहिती असलेला कोणीतरी. ‘जगाला अंधारापासून वाचवायचंय’ किंवा ‘सूड घ्यायचाय’ या इच्छा का चालत नाहीत? त्यातून आज संध्याकाळच्या सेशनमध्ये काय करायचं ते निघत नाही. म्हणून दोन इच्छा लिहा. एक लांबची, काही महिने पुरेल अशी. दुसरी जवळची, याच आठवड्यातली: तेरीनला चांगला कागद आणि न पसरणारी शाई हवी आहे. सरायीत बसल्या बसल्या ती कोणालाही विचारू शकते की शाई कुठे मिळेल. तेवढ्यावर पहिला संवाद सुरू होतो. बहुतेक पात्रं नेमकी इथेच अडतात. पहिलं वाक्य बोलायला त्यांच्याकडे कारणच नसतं.

उणीव हा सगळ्यात बिघडणारा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ‘फारच प्रामाणिक’, ‘मित्रांसाठी जीव देणारा’, ‘कधीकधी रागावतो’ या उणिवा नाहीत, गुणांना लावलेले तीट आहेत. खरी उणीव पात्राकडून किंमत वसूल करते आणि ती इतरांना दिसते. तेरीन कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, प्रत्येक वाट स्वतः मोजते. त्यानं गटाचा वेळ जातो, रात्र उघड्यावर काढावी लागते, खरा सल्ला देणारा दुखावतो. तपासायची रीत सोपी आहे: गेल्या तीन सेशनमध्ये या उणिवेमुळे पात्रानं काही गमावलं का? पैसा, वेळ, मान, मैत्री, काहीही. उत्तर नाही असेल तर ती उणीव फक्त कागदावर आहे. अशी एकच मोठी उणीव पुरे, जोडीला दोन लहान सवयी. पाच-सहा उणिवा लादलेलं पात्र कोणालाच झेपत नाही, कारण दर वेळी सगळा प्रसंग त्याच्याभोवतीच फिरू लागतो. आणि उणीव अशी निवडा की तिचा भार तुमच्यावर पडेल. ‘माझं पात्र चोर आहे’ म्हणून सोबत्यांच्याच थैल्या मारणारा खेळाडू पात्र रंगवत नसतो, दुसऱ्यांची संध्याकाळ खराब करत असतो.

स्टॅट्स, म्हणजे पात्राच्या गुणांचे आकडे, आणि स्वभाव एकमेकांना सोडून नसावेत. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं तेव्हापासूनचे सहा गुण, म्हणजे ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप, थोड्याफार फरकानं कितीतरी गेममध्ये आजही आहेत. पाचव्या आवृत्तीत वाटायला मिळणारा ठरलेला संच १५, १४, १३, १२, १०, ८ असा आहे. सगळे आधी १५ कुठे ठेवायचा ते ठरवतात. तुम्ही ८ पासून सुरुवात करा, कारण पात्र लक्षात राहतं ते त्या आठामुळे. तेरीनची चपळाई १५, बुद्धी १४, काटकपणा १३, ताकद १२, शहाणपण १० आणि छाप ८. आता बोलणं आपोआप ठरलं: तिला मन वळवता येत नाही, ती पुरावे मांडते आणि माणसं वैतागतात. बुद्धी आणि शहाणपण यांत गल्लत होते, म्हणून सांगतो. बुद्धी म्हणजे काय माहीत आहे आणि हिशेब किती चटकन जमतो. शहाणपण म्हणजे समोर काय चाललंय ते ओळखणं. तेरीनला अख्खा खोऱ्याचा नकाशा पाठ आहे, पण समोरचा खोटं बोलतोय का हे कळत नाही, म्हणूनच ती खऱ्या-खोट्या सगळ्यांवरच अविश्वास दाखवते. उणीव आणि आकडे असे एकमेकांत बसले की पात्राला सांधा दिसत नाही. तुमच्या गेममध्ये आकडे फक्त शस्त्रं आणि चिलखतावर ठरत असतील, तरी हे सहा आकडे स्वतःसाठी लिहून ठेवा.

बॅकस्टोरी २०० शब्दांत बसवा. तुमच्या पाच पानांतून तीन सुट्या गाठी निवडा, म्हणजे ज्यांचा शेवट तुम्हालाही ठाऊक नाही अशा गोष्टी, आणि बाकीचं बाजूला ठेवा. तेरीनच्या गाठी: गुरू गप्प का बसला, तांड्यातलं कोणी वाचलं का, आणि मूळ नकाशा आता कोणाकडे आहे. गेम चालवणाऱ्याला किंवा गिल्डमधल्या, म्हणजे तुमच्या कायमच्या गटातल्या, दुसऱ्या खेळाडूला यातली कुठलीही गाठ उचलून स्वतःची कथा तिला जोडता येते. ‘माझा भाऊ त्या तांड्यात होता’ असं कोणी म्हणालं की दोन पात्रांत महिनाभराचं नातं तयार. सगळं आधीच सोडवून ठेवलेल्या भूतकाळात दुसऱ्याला शिरायला जागाच नसते. आणि घरच्यांना सरसकट मारू नका. गाव जळालेलं अनाथ पात्र इतकं दिसतं, कारण ते सोयीचं वाटतं. पण त्याला पत्र लिहिणारं कोणी नाही, पैसे मागणारं नाही, ज्याच्यासाठी भ्यावं असंही कोणी नाही. किमान दोन माणसं जिवंत ठेवा, एक जीव लावणारं आणि एक उधारी मागणारं.

नावाबद्दल फार नाही. मोठ्यानं उच्चारून पाहा, दोन-तीन अक्षरांत हाक मारता येते का बघा, प्रसिद्ध पात्राचं नाव घेऊ नका. अक्षरमर्यादा आधीच तपासा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये पात्राच्या नावाला १२ अक्षरंच मिळतात आणि मोकळी जागा चालत नाही.

बोलण्यासाठी तीन नियम ठरवा आणि कागदावर समोर ठेवा: वाक्यं लांब की तुटक, एखादा ठरलेला उद्गार, आणि पात्र कधीच वापरत नाही असा एक शब्द. तेरीन कधीही ‘साधारण’ म्हणत नाही. मोडकीतोडकी बोली अक्षरशः लिहायचा मोह टाळा, दहा ओळींनंतर वाचणारा थकतो. चॅट मराठीत असेल तर आपल्याकडे एक फार चांगलं हत्यार आहे: पात्र कोणाला तू म्हणतं आणि कोणाला तुम्ही. तेरीन सरदाराला तुम्ही म्हणते, वाटाड्यालाही तुम्हीच, आणि स्वतःच्या गुरूला चिडून एकदाच तू. तो एक ‘तू’ अख्ख्या परिच्छेदाचं काम करतो, म्हणून हा हिशेब सैल सोडू नका.

आता खेळण्याची खरी जागा, इमोट, म्हणजे पात्राची कृती चॅटमध्ये लिहून दाखवणं. एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये पहिलं मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरावरचा गेम, तयार झालं तेव्हा पडद्यावर चित्र नव्हतंच, फक्त मजकूर होता. आज चित्र आहे, पण तुमच्या पात्राच्या चेहऱ्यावर काय उमटलं हे अजूनही शब्दांतच सांगावं लागतं. हे वाचा: ‘तेरीन भिंतीला टेकते. तिला गुरू आठवतो, आणि ती दलदल, आणि आपण कधीच सुखी होणार नाही हे तिला कळतं.’ याला समोरचा काय उत्तर देणार? त्याच्या पात्राला यातलं काहीच दिसत नाही. आता हे: ‘तेरीन नकाशा टेबलावर उलगडते, नदीच्या वळणावर अंगठा ठेवते आणि उचलत नाही. “हे वळण तुम्ही स्वतः पाहिलंय, की कुणी सांगितलं म्हणून काढलंय?”’ इथे बाहेरून दिसणारी कृती आहे, दुखरी जागा आहे आणि शेवटी समोरच्याच्या हातात प्रश्न आहे. दोन ते चार ओळी पुरतात. लांब लिहिलंत तर तुम्ही टाइप करत असताना बाकीचे तीन जण पुढे गेलेले असतात आणि तुमची ओळ शिळी होऊन पडते.

दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते तुम्ही लिहायचं नाही. ‘मी त्याचा हात पिरगळते’ हे चूक. ‘मी त्याचा हात पकडायला झेपावते’ इथे थांबा, सुटला की सापडला ते तो ठरवेल. दुसऱ्याचं असं परस्पर ठरवण्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि बऱ्याच रोलप्ले सर्व्हरवर याला बंदी असते. दर वेळी वार चुकवणारं पात्रही त्याच जातीचं. तसंच डोक्यावर तरंगणारं नाव तुम्हाला दिसतं, तेरीनला नाही. ओळख होईपर्यंत तिनं नावानं हाक मारू नये. खेळाडू म्हणून बोलायचं असेल तर दुहेरी कंसात लिहा. पात्रानं कोणाचा अपमान केला की कंसात एकदा विचारा, ‘हे चालेल ना?’ यानं खेळ मोडत नाही, उलट समोरचा जास्त मोकळेपणानं भांडतो.

टोटल आरपी ३ सारखं प्रोफाइलचं ॲडऑन, म्हणजे तुमच्या पात्राचं वर्णन इतर खेळाडूंना दाखवणारी गेमला जोडायची सोय, वापरत असाल तर त्यात बॅकस्टोरी ओतू नका. परक्याला पाच पावलांवरून जे दिसेल तेवढंच लिहा: बोटांना शाईचे डाग, कमरेला गाठी मारलेली मापाची दोरी, चिखलानं कडक झालेले बूट. ‘तिला पाहताच तुम्हाला धाक वाटतो’ असं कधीच नको. काय वाटावं हे पाहणाऱ्याचं काम आहे.

अबोल, एकटं फिरणारं पात्र तुम्हाला आवडत असेल तर जरूर करा, पण गटासोबत राहण्याचं सक्तीचं कारण आधी लिहा: कर्ज, करार, नाहीतर एकच नकाशा दोघांत फाटलेला. कारण नसलं की ते पात्र कोपऱ्यात बसून राहतं आणि तुम्हीही.

पहिले तीन सेशन कच्चे समजा. या काळात एखादी सवय जमत नसेल तर गाजावाजा न करता सोडून द्या. नंतर मात्र बदल खेळात घडलेल्या गोष्टीमुळेच व्हावा. प्रत्येक सेशननंतर पाच ओळी लिहा: कोण भेटलं, काय कबूल केलं, काय लपवलं, काय गमावलं, कोणाला तू म्हटलं. कबूल केलेलं आणि लपवलेलं या दोन ओळी पुढच्या वेळी लॉग इन करण्याआधी वाचा. तीन आठवड्यांपूर्वी शाईचं वचन दिलेल्या माणसाला तेरीननं स्वतःहून हाक मारली, तर पुढच्या वेळी तोच तिला शोधत येईल.