स्वतःची आयशर स्वतः चालवली तर महिन्याला किती सुटतात?

तुम्ही विचारलंय की १४ फुटी आयशर (मालट्रक) हप्त्यावर घेतली, स्वतःच चालवली आणि चाकण-कोल्हापूर लाइन धरली, तर महिन्याला ५० हजार सुटतील का. मी भोसरीत राहतो, ही लाइन बरीच वर्षं केलीय, म्हणून माझ्या वहीच्या हिशेबाने सांगतो. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पद्धत मात्र हीच ठेवा.

आधी गाडी जागेवर उभी असली तरी लागणारा खर्च लिहा. हप्ता ३१,०००. विमा, पासिंग (गाडीची आरटीओ तपासणी), कर, परमिट मिळून वर्षाचे ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. पार्किंग आणि किरकोळ ३,०००. आणि तुमचा स्वतःचा पगार २२,०००. हा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला दिलेच असते ना? बेरीज झाली ६२,०००. तिला ३० ने भागू नका. गॅरेज, पासिंग, भाड्याची वाट बघणं यात आठवडाभर सहज जातो. २२ ने भागा. दिवसाला २,८०० रुपये पडले.

आता चालण्याचा खर्च. चाकण ते कोल्हापूर जाऊन-येऊन, आत-बाहेर धरून ५५० किलोमीटर. भरल्या गाडीला ८ चं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरलं तर ६,२०० डिझेलला गेले. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, जाताना चार टोल आणि येताना चार, मी १,२०० धरतो. जेवणखाण ५००. टायरचं सगळे विसरतात. सहा टायर ७८,००० ला घेतले आणि ६०,००० किलोमीटर चालले, तर प्रत्येक किलोमीटरला १ रुपया ३० पैसे घासले जातात. ऑइल आणि दुरुस्तीचे दीड रुपया. म्हणजे फेरीला आणखी १,५४०. फेरी दोन दिवसांची, त्याचे वरचे ५,६०० मिळवा. एकूण १५,००० च्या आसपास.

माल मिळवून देणारा ब्रोकर जायच्या भाड्याचे फोनवर ११,००० म्हणतो. डिझेल ६,२०० बघून माणूस लगेच हो म्हणतो, मीही म्हणायचो. पण परतीचं भाडं मिळालं नाही तर त्या फेरीत ४,००० खिशातून जातात. परतीला ६,००० मिळाले तर २,००० उरतात. महिन्यात ११ फेऱ्या आणि सगळ्यांना परतीचा माल मिळाला, तर २२,००० पगार अधिक २२,००० म्हणजे ४४,००० सुटतात. ११ पैकी ४ फेऱ्या रिकाम्या परतल्या तर हातात २०,०००. म्हणजे पगारही पुरा नाही. तेव्हा ५० हजार धरून हप्ता ठरवू नका, हे मी तळमळीने सांगतो.

थांबण्याचंही बघा. एकदा चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर माल तयार नाही म्हणून मी १९ तास उभा होतो, पैसा मिळाला नाही, कारण माझ्याकडे वेळेचा पुरावा नव्हता. तेव्हापासून गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ पोचपावतीवर शिक्क्यासकट लिहून घेतो. भाडं ठरवतानाच हॉल्टिंग (थांबण्याचे पैसे) किती आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोण देणार हे बोलून घ्या. ज्याचा माल त्याचा हमाल. जास्त माल भरून भरपाई करायला जाऊ नका, ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे.

डिझेल रोख, बॅलन्स म्हणजे भाड्याची उरलेली रक्कम मात्र महिना-दीड महिन्याने येते. दोन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय गाडी बुक करू नका. इन्कम टॅक्सला अंदाजे उत्पन्नाच्या सोयीखाली (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एई) अशा हलक्या गाडीचं उत्पन्न महिन्याला ७,५०० धरता येतं, फार वह्या ठेवाव्या लागत नाहीत. पण ती टॅक्सची सोय झाली, आपल्या घरची वही रोज लिहायचीच.

आणि बुकिंगच्या आधी दोन दिवस कोल्हापूरला जाऊन या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग पुण्याकडे येतं. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा, १४ फुटीला चाकणकडे यायचा माल आठवड्यातून किती वेळा मिळतो आणि काय भावाने. ते उत्तर घेऊन वरचा हिशेब पुन्हा मांडा.