संबंधानंतर योनीतून माशासारखा वास येतो, वॉश वापरूनही जात नाही. काय करावं?

ताई, लग्नाला वर्ष झालं, काही महिन्यांपासून संबंधानंतर माशासारखा वास येतो, पातळ राखाडी-पांढरं जातं, खाज नाही, आणि रोज दोनदा वॉश लावूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरातच स्त्रीरोगाच्या ओपीडीत नर्स आहे. आधी तो वॉश बंद करा, मग पुढचं वाचा.

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात. ते आम्ल तयार करतात आणि आतला पीएच (आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात, त्यामुळे बाकीच्या जंतूंना तिथे फारसं वाढता येत नाही. साबण, डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश आत घातले की हे राखणदारच धुऊन निघतात. बाहेरची त्वचा साध्या पाण्याने धुतली तरी पुरे. आतून धुवायची गरजच नसते.

तुम्ही सांगितलेली लक्षणं बॅक्टेरियल व्हजायनोसिसची वाटतात, आम्ही त्याला बीव्ही म्हणतो. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन गार्डनरेला वगैरे जंतू वाढतात. वीर्य अल्कधर्मी असतं, त्याने हा वास एकदम मोकळा होतो. पाळीच्या दिवसांतही तसंच. म्हणजे तुमच्या स्वच्छतेत खोट नाही, आणि नवऱ्याने बाहेरून काही आणलं असंही लगेच समजू नका.

तपासणीची धास्ती घेऊ नका, पाच मिनिटांचं काम असतं. डॉक्टर स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) लावून स्राव बघतात आणि पीएचच्या कागदाची पट्टी टेकवतात. थोडा स्राव काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बीव्हीत तो मासळीचा भपका लगेच येतो. फक्त जायच्या आदले एक-दोन दिवस संबंध नको आणि आत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, नाहीतर तपासणीत नीट कळत नाही.

बीव्ही निघाला तर बहुतेकदा मेट्रोनिडाझोल सात दिवस देतात, नाहीतर क्लिंडामायसिनचं क्रीम. मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, मळमळतं. म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. वास तिसऱ्या दिवशी गेला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. बऱ्याच जणींना काही महिन्यांत हे पुन्हा होतं. तसं झालं तर जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका, परत दाखवा.

वासाचं कारण दरवेळी हेच असतं असं नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव आणि लघवीला जळजळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जंतू असू शकतो. हा संबंधातूनच पसरतो. नवऱ्याला सहसा काहीच त्रास नसतो, तरी दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो परत फिरून येतो. दह्यासारख्या गुठळ्या आणि जीव नकोसा करणारी खाज ही बुरशी. तिला वास जवळपास नसतो, आणि ती वारंवार होत असेल तर साखर तपासतात. खाजेसाठी मेडिकल स्टोअरवाला जे स्टिरॉइड मिसळलेलं मलम हातात देतो, ते मात्र लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आणखी फोफावते. एकदम कुजका, असह्य वास आला तर आत टॅम्पॉन किंवा कापसाचा बोळा राहिलाय का, हे आम्ही आधी बघतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार जातो, आणि दर दुसरी आजी सांगते, "उष्णता झाली असन, सब्जा पी." सब्जा प्या, छानच लागतो. जांघेत घामाचा वास येत असेल तर सुती चड्डी आणि संध्याकाळची आंघोळ पुरते. पण जंतूंना उन्हाळा-हिवाळा काही नसतो.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त जाणं, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव यांतलं काहीही असेल तर थांबू नका. आधीच्या दोन लक्षणांत गर्भाशयापर्यंत गेलेला संसर्ग असू शकतो, नंतरच्या दोनांत गर्भाशयमुखाचा कर्करोग नाही ना हे बघावं लागतं. दिवस राहिले असतील तर तेही सांगा, काही औषधं बदलतात.

खासगीत जायचं नसेल तर नागपुरात डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची स्त्रीरोग ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, गर्दी असते. आणि "पांढरं जातं" एवढ्यावर थांबू नका. कित्येक जणी लाजून वासाचं सांगतच नाहीत आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जातात. रंग कसा, वास कधी येतो, खाज आहे का, हे जसं इथे लिहिलंत तसंच तिथे सांगा.