नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल होण्यात अडचण येते का?

नाही, अजिबात नाही. दोघांचा ओ पॉझिटिव्ह असो की बी पॉझिटिव्ह, त्यामुळे गर्भधारणेला किंवा बाळाला काही होत नाही. या गैरसमजापायी ठरत आलेली लग्नं मोडतात, याचं फार वाईट वाटतं.

जपायचं असतं ते बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तेव्हा. बाळ पॉझिटिव्ह असेल तर त्याचं थोडं रक्त, बहुधा बाळंतपणात, आईच्या रक्तात मिसळतं आणि तिच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडीज, म्हणजे बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. पुढच्याला मात्र तीव्र कावीळ, रक्तक्षय होऊ शकतो. म्हणून २८व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत, या अँटीबॉडीज तयार होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन देतात. गर्भपातानंतरही ते लागू शकतं, आणि नेमकं तेच राहून जातं. आधी गर्भपात झाला असेल तर, घरी कुणाला माहीत नसला तरी, डॉक्टरांना जरूर सांगा.

लग्नाआधी तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार तपासा. दोघेही एकाच आजाराचे वाहक (स्वतःला सहसा त्रास नसतो, पण तो बाळाकडे जाऊ शकतो) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.