काळपट काकवीत छर्रा दिसत नाही, तर वेळ कशी घ्यावी?

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे. काकवीचा दाटपणा मोजण्यासाठी माझ्या मुलीने, जी बारावीत शिकते, उभ्या नळीत पोलादी छर्रा सोडून पाहिला. पण तो काकवीत दिसतच नाही. वेळ घेण्याचा काही विद्युत उपाय आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलीने पद्धत अगदी योग्य निवडली आहे. शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार दाट द्रवात लहान गोळी लवकरच स्थिर वेगाने पडू लागते आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, जितकी जास्त, तितका हा वेग कमी असतो. उपाय असा की, ॲक्रिलिकच्या नळीवर बाहेरून, दहा सेंटिमीटर अंतरावर, मोटर रिवाइंडिंगच्या इनॅमल तारेची दोन वेटोळी गुंडाळावीत आणि त्यांतून काही किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सोडावा. छर्रा वेटोळ्यात शिरला की त्या वेटोळ्याची प्रवर्तकता (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, इंडक्टन्स) किंचित वाढते, अगदी मध्यावर ती सर्वाधिक असते, आणि अशा दोन शिखरांमधला काळ हीच आपली मोजणी. धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) मोजण्याची पद्धत येथे मी सुचवणार नाही, कारण काकवीतील क्षारांमुळे तिच्यातून वीज वाहते आणि मोजणीत गोंधळ होतो.

छर्रा बेअरिंगचाच घ्यावा, तो शिवाजी उद्यमनगरात मिळेल. मात्र लोहचुंबक लावून पाहावा, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक धरत नाही आणि तसा छर्रा प्रवर्तकता वाढवत नाही. तीन मिलिमीटर व्यासाचा छर्रा २० अंश सेल्सिअसच्या शुद्ध ग्लिसरीनमध्ये रुंद भांड्यात हे दहा सेंटिमीटर अंतर सुमारे साडेचार सेकंदांत कापतो. पण नळीचा आतील व्यास ३० मिलिमीटर असेल, तर भिंतीच्या अडथळ्याने वेग सुमारे एक पंचमांशाने घटतो. म्हणून आधी त्याच नळीत, श्यानता ठाऊक असलेल्या ग्लिसरीनची वेळ घ्यावी आणि काकवीशी तुलना करताना दोन्ही द्रवांच्या घनतेतला फरकही हिशेबात धरावा.

सर्वांत जपावे ते तापमानाला. ग्लिसरीनची श्यानता २० अंशांना सुमारे १.४ पास्कल-सेकंद (श्यानतेचे एकक) असते, ती ३० अंशांना ०.६ वर येते. काकवीही तापली की अशीच पातळ होते. त्यामुळे प्रत्येक नमुना एकाच ठरलेल्या तापमानाला निववूनच मोजावा. काहिलीवर उकळत्या रसाचा पाक ओळखायला मात्र गुळव्याची नजर आणि जोडीला साधा तापमापक, हेच अधिक उपयोगी, कारण पाक जसा घट्ट होतो तसा त्याचा उकळबिंदू चढत जातो.