गणपतीआधी रंग की आधी भिंत सुकवायची?

चिपळूणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप फुटला आणि पलीकडच्या खोलीची भिंत चार फुटांपर्यंत ओली झाली. पाइप बदलून झालाय. गणपतीआधी पुट्टी, रंग आणि खाली पीव्हीसी पॅनल, असे ८५ हजार ठेकेदाराने सांगितलेत. दोन लाखांची एफडी मोडायची की १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घ्यायचं?

ताई, आत्ता दोन्ही नको. नऊ इंची विटांची भिंत पाणी प्यायली की सुकायला महिने लागतात, त्यात आपल्याकडची श्रावणातली हवा. ओलीवर पुट्टी मारली की पोपडे सुटतात, खार फुटतो. पॅनल तर अजिबात लावू नका, मागे बुरशी वाढते आणि कळतही नाही. २०२१ मध्ये २२ जुलैला पूर आला, १० सप्टेंबरला गणपती बसले. तेवढ्यात रंग उरकलेली दोन घरं माझ्या ओळखीची आहेत. दिवाळीला दोन्हीकडे भिंती पुन्हा खरवडायला लागल्या.

गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवायला लावला होता का? आजच कागद काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाइप फुटून झालेलं नुकसान धरतात. हळूहळू झिरपलेली ओल मात्र सहसा धरत नाहीत, म्हणून प्लंबरचं बिल आणि फुटलेला तुकडा जपून ठेवा. कंपनीला कळवा, फोटो काढा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गिलाव्याला हात लावू नका.

मग फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढून पंखा लावून ठेवा. हा खर्च पगारातून निघेल. सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीला टेकून आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो आजच दुसऱ्या खोलीत हलवा, बुरशीने दम लागतो.

ऑक्टोबरच्या उन्हानंतर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. कोरडं निघालं, की विम्यातून न भागणाऱ्या रकमेपुरतं एफडीवर कर्ज काढा. त्याचा दर एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो आणि एफडी चालू राहते. ८५ हजारांच्या वैयक्तिक कर्जावर दोन वर्षांत सुमारे १३ हजार व्याज जाईल.

यंदा मखरामागे एक स्वच्छ चादर ताणून लावा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून.