मधल्या दहा दिवसांचं आधी बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी तुर्भ्याला जाताना गाडीत परत वाचली. घर ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी नवी मुंबईत महापेला, आता मुंबईत लोअर परळची ऑफर आलीय, पॅकेज 40 टक्क्यांनी जास्त, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि शेवटी प्रश्न, की चांगली नोकरी म्हणजे नक्की काय बघायचं. वर सगळ्यांनी ग्रोथ, ब्रँड, नवीन शिकायला मिळणं वगैरे लिहिलंय. मला मात्र तुमचं मधलंच एक वाक्य टोचलं. 'मध्ये दहा दिवस मोकळे काढून आईबाबांना गावी फिरवून आणतो, बाबांची शुगर सध्या वरखाली होतेय.' मे 2017 मध्ये माझाही अगदी हाच बेत होता. गाव गुहागरजवळ, एवढाच काय तो फरक असेल.

म्हणून हे लांबण लावतेय. मी वकील नाही, सीए नाही, लॅबमध्ये ब्यूरेट धरण्यात उमेदीची वर्षं घालवलेली केमिस्ट आहे. नियम बदलत असतात, तेव्हा माझं बोलणं तुमच्या कागदांशी पडताळून घ्या.

तेव्हा मी रबाळ्यात एका कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात होते. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो, म्हणजे स्टेशनचा दहा नंबरचा प्लॅटफॉर्म घरापासून चालत. गाडी ठाण्यालाच सुटणारी, दोन मिनिटं आधी पोचलं की बसायला मिळायचं. संध्याकाळी साडेसहाला घरात. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा दोघंही, तीन लाखांपर्यंत. पण काम तेच तेच, बढती कुठे दिसत नव्हती आणि सोबतच्या मुली पुढे गेल्या होत्या. अंधेरीहून ऑफर आली. माझा सीटीसी (म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) 4 लाख 80 हजार होता, ते 6 लाख 60 हजार देत होते. महिन्याला सरळ पंधरा हजार जास्त! नवऱ्याने त्याच रात्री पेढे आणले.

त्या पंधरा हजारांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. 15 टक्के व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा भाग, तो वर्षाअखेरीस मिळणार आणि तोही त्यांच्या मर्जीने. कंपनीच्या वाट्याचा पीएफ सीटीसीतच धरलेला, ग्रॅच्युइटी सीटीसीतच, माझ्या मेडिक्लेमचा हप्तासुद्धा सीटीसीतच. हातात पडायला लागले ते आधीपेक्षा पाच हजार जास्त. त्यातून लोकलचा पास, घाटकोपरहून मेट्रो, चकाल्याला उतरून शेअर रिक्षा. आधी डबा निवांत भरून न्यायचे, आता सकाळी वेळच उरेना, म्हणून कँटीन. तुम्ही काल ऑफर लेटर मिळालं असं लिहिलंय, तर कागद घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'हे दर महिन्याला खात्यात येणार का' असं विचारत हो किंवा नाही लिहीत जा. 40 टक्क्यांतले किती उरतात ते तुम्हालाच दिसेल.

ग्रॅच्युइटीवर, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांवर पाणी सोडलं तेही त्याच उत्साहात. माझी नोकरी चार वर्षं पाच महिने झाली होती. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. (काही हायकोर्टांनी चार वर्षं 240 दिवसही पुरेसे मानलेत, पण मी तिथवरही पोचले नव्हते.) बेसिक पगार 19,500, भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15 (दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार), गुणिले 5 वर्षं. होतात 56,250 रुपये. सात महिने थांबले असते तर मिळाले असते. तुमची महापेला किती वर्षं झाली ते पोस्टमध्ये नाही, ते मोजा.

पण मला सगळ्यात महागात पडली ती यातली कुठलीच गोष्ट नाही. महागात पडला तो गॅप.

शुक्रवार शेवटचा दिवस, नवीन ठिकाणी दहा दिवसांनी सोमवारी रुजू व्हायचं. गुहागरला जाऊन आलो. परत आल्याच्या दुसऱ्याच पहाटे बाबा उठून बसले, घामाने बनियन ओला, आणि मला म्हणतात, 'ॲसिडिटी झालीय, इनो दे.' मी दिलं पण. पंधरा मिनिटांनी डावा हात धरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हॉस्पिटलच्या काउंटरवर पर्समधून मेडिक्लेमचं कार्ड काढून दिलं. कार्डावर वैधता छापलेली होती मार्च 2018 पर्यंत. त्या मुलीने नंबर टाकला, परत एकदा टाकला, आणि मॉनिटर माझ्याकडे वळवून म्हणाली, 'मॅडम, पॉलिसी बंद दाखवतंय.' मी तिच्याशी वाद घातला, कार्डावरची तारीख दाखवली. बिचारीचा काय दोष? ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने सगळ्यांची मिळून काढलेली, नोकरीसोबत असते. नाव कमी झालं की कार्डावर काहीही छापलेलं असो, तो प्लास्टिकचा तुकडा.

अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली होती, औषधाचा लेप असलेल्या एका स्टेंटला 29,600 रुपये, म्हणून बिल 1 लाख 87 हजारांवर थांबलं. सगळं खिशातून. सोमवारी ठरल्याप्रमाणे अंधेरीला रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी विचारलं तर कळलं, की इथल्या पॉलिसीत नवरा आणि मुलं आहेत, आईवडील नाहीत. वेगळा हप्ता भरून त्यांना घेता येतं, पण ती खिडकी एप्रिलमध्ये उघडते आणि मी आले होते मेमध्ये. आणि हे मी ऑफर घेताना एका ओळीच्या मेलने विचारू शकले असते. तेव्हा मी काय विचारलं होतं, माहितीये? शनिवारी सुट्टी असते का.

आता त्या जुन्या कंपनीच्या पर्सोनेल डिपार्टमेंटबद्दल. नाव घेणार नाही, घेऊन फायदाही नाही. पीएफमध्ये दोन लाखांच्या वर रक्कम होती. आजारपणासाठी त्यातून पैसे काढता येतात, आईवडिलांच्याही. पण माझ्या पीएफवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दुरुस्तीला जॉइंट डिक्लेरेशन लागतं, त्यावर माझी सही आणि कंपनीची सही-शिक्का. एक सही. त्यासाठी मी अकरा खेपा घातल्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब रजेवर. शिक्का हेड ऑफिसला गेलाय. (शिक्का कुठे जातो हो? सहलीला?) ऑडिट चालू आहे, पुढच्या आठवड्यात या. मग एकदा तिथली बाई, जिच्यासोबत मी चार वर्षं हळदीकुंकवाचं वाण दिलंघेतलं, ती म्हणाली, 'तुम्ही आता एम्प्लॉयी नाही ना, मेल टाका.' मेलला उत्तर नाही.

गेटवरच्या वॉचमनकाकांचं मात्र आठवतं. रोज मला हात करणारा माणूस. पहिल्या खेपेला त्यांनी व्हिजिटरचं रजिस्टर पुढे केलं आणि पेनाचं टोपण काढून देताना नजर खाली. 'कोणाकडे काम' या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड-दीड तास. सही मिळाली पाचव्या महिन्यात, तोवर पाटल्या गहाण ठेवून हॉस्पिटलचं भागवलं होतं. पीएफची रक्कम आली तीही आधी ते कर्ज फेडण्यातच गेली.

तेव्हा माझं मत, आणि हे माझंच मत आहे, कोणी भांडायला येऊ नये: चांगली नोकरी ओळखायची तर तिथे असलेल्यांना विचारू नका, ती सोडून गेलेल्यांना विचारा. असलेले सगळे 'कल्चर छान आहे' म्हणतात, त्यांना तिथेच राहायचं असतं. लिंक्डइनवर वर्ष-दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली दोन माणसं शोधा आणि तीनच प्रश्न टाका. शेवटचा हिशेब किती दिवसांत मिळाला, रिलीव्हिंग लेटरसाठी किती वेळा मागे लागावं लागलं, आणि घरी कोणी आजारी असताना रजा मागितली तेव्हा काय झालं. मॅनेजर चांगला आहे यावर जाऊ नका. मॅनेजरही नोकरीच करतो, तो तुमच्या आधी सोडून जाईल. माझा अंधेरीचा देवमाणूस मॅनेजर चौथ्या महिन्यात पुण्याला गेला.

कागदोपत्री आता बरंच सुधारलंय, तेही सांगते. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही तर 2020 पासून दोन महिन्यांनी आपल्यालाच ऑनलाइन भरता येते. यूएएन (पीएफचा आपला कायमचा नंबर) 1 ऑक्टोबर 2017 किंवा त्यानंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल तर नावासारखे बदल कंपनीच्या सहीशिवाय होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये नवीन कामगार संहिता आल्या, त्यात नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं म्हटलंय. शिक्का सहलीला पाठवणाऱ्यांना ते कोण सांगणार, हा वेगळा विषय. आणि नवीन जागी गेल्यावर पीएफ काढून मोटरसायकल घेऊ नका. ट्रान्सफर करा. पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो.

बायकांसाठी एक अवांतर: पीएफ, पॅन, आधार, तिन्हीकडे एकच नाव आहे का ते आज रात्रीच बघा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही तो तुमचा प्रश्न, पण अर्धं बदललेलं नाव फार छळतं.

प्रवासाबद्दल तुम्ही 'सवय होईल' लिहिलंय. होते सवय. मला घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या गर्दीत उभं राहायची झाली होती, आणि संध्याकाळी कल्याण फास्ट सोडून ठाणे स्लोची वाट बघायचीसुद्धा. मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती झोपताना 'आई, उद्या लवकर ये' म्हणायची, त्याची मात्र झाली नाही. दोन वर्षांनी तुर्भ्याला आले, अंधेरीपेक्षा हातात तीन हजार कमी घेऊन. इथे पगार दर महिन्याच्या 30 तारखेला येतो, पॉलिसीत आईबाबा आहेत, आणि गेल्या वर्षी आमच्या लॅबमधला एक मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या दिवशी त्याची पत्रं पाकिटात तयार होती. लॅबमध्ये एसी धड चालत नाही, कँटीनची डाळ म्हणजे पाणी. पण या नोकरीला मी चांगलीच म्हणेन.

लोअर परळला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा तरुण आहात, कदाचित ते काम खरंच मोठं असेल. जायचं असेल तर गॅप ठेवू नका. शुक्रवारी इथून सुटा, सोमवारी तिथे हजर व्हा, गावी गणपतीत जा. गॅप हवाच असेल तर आधी आईबाबांची स्वतंत्र पॉलिसी काढा. चालू ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो नाव कमी व्हायच्या आत करायचा. मंजुरी शेवटी विमा कंपनीच्या हातात, बाबांची शुगर लपवू मात्र नका. वैयक्तिक आरोग्य विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, हप्ता आधीपेक्षा जरा सुसह्य झालाय. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची वाट बघावी लागते, म्हणून उशीर नको.

आणि सोमवारच्या आत त्यांच्या एचआरला मेल करा: पालक पॉलिसीत आहेत का, कितीपर्यंत, कुठल्या तारखेपासून. फोनवर विचारू नका. फोनवर सगळेच 'हो हो, आहेत' म्हणतात.