कान देणारे विमान : ईएस-३ए शॅडो

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक टेहळणीचे विमान नेमके काय करते? ते छायाचित्रे काढते का?

उत्तर : त्याचे मुख्य काम पाहण्याचे नसून ऐकण्याचे आहे. शत्रूचे रडार चालू झाले की त्याच्या लहरींची वारंवारता, स्पंदांमधील अंतर आणि येण्याची दिशा टिपून ते रडार कोणत्या जातीचे आहे व कोठे आहे, हे ठरवता येते. रेडिओवरील संभाषणेही टिपता येतात. अमेरिकी नौदलाने पाणबुड्या शोधणाऱ्या १६ एस-३ए व्हायकिंग विमानांमध्ये बदल करून शॅडो घडवले. शस्त्रांच्या कप्प्यांत उपकरणे आली, पाठीवर लांबट उंचवटा आला आणि अंगभर साठाच्या आसपास अँटेना बसल्या. दिसायला ते मुळीच देखणे नव्हते. आत चौघे असत : वैमानिक, एक उड्डाण अधिकारी आणि दोन उपकरणचालक.

प्रश्न : त्याआधी हे काम कोण करत असे?

उत्तर : ईए-३बी स्कायवॉरियर. आकारामुळे खलाशी त्याला ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, म्हणत. मुळातल्या बॉम्बच्या कप्प्याच्या जागी हवाबंद खोली करून त्यात उपकरणचालक बसवले होते. मात्र आतल्या सात जणांपैकी एकाच्याही आसनाला विमानाबाहेर फेकले जाण्याची सोय नव्हती. जानेवारी १९८७ मध्ये ‘निमित्झ’ या विमानवाहू नौकेवर रात्री उतरताना, अडवण्यासाठी उभारलेल्या जाळ्यातही न थांबता असे एक विमान समुद्रात गेले आणि सातही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ही विमाने नौकांवर फार काळ राहिली नाहीत. किनाऱ्यावरील तळांवरून मात्र ती १९९१ च्या आखाती युद्धापर्यंत उडत होती.

प्रश्न : मग शॅडो इतक्या लवकर निवृत्त का झाले?

उत्तर : १९९१ मध्ये व्हीक्यू-५ आणि व्हीक्यू-६ ही दोन पथके उभी राहिली आणि १९९९ मध्ये दोन्ही मोडीत निघाली. बोस्निया व इराकच्या आकाशालगत या विमानांनी काम केले. शिवाय गरज पडेल तेव्हा हवेतल्या हवेत इतर विमानांना इंधनही पुरवले. सांगाडा थकला होता म्हणून ती गेली नाहीत, कारण साधी व्हायकिंग विमाने त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे नौकांवर होती. अडचण उपकरणांची होती : ती अद्ययावत करण्याचा खर्च अवघ्या सोळा विमानांसाठी नौदलाला परवडणारा वाटला नाही. माझ्या मते हा हिशेब आखूड होता. काम किनाऱ्यावरून उडणाऱ्या ईपी-३ई विमानांकडे गेले खरे, पण त्यांना परक्या भूमीवरील तळ लागत असे; नौकेला तो लागत नाही.

प्रश्न : आपल्या जुन्या ‘विक्रांत’वर असे विमान होते का?

उत्तर : तिच्यावरील आलिझे विमाने मुख्यतः पाणबुडीविरोधी होती. अलीकडच्या कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरचीही कधी कधी या वर्गात गणना केली जाते, ती चुकीची आहे. ते स्वतःच्या रडारच्या लहरी सोडून लक्ष्य शोधते, तर शॅडो गप्प राहून ऐकत असे.